कोळशाच्या शेगडीवर शेतातील सकाळची न्याहारी: या चुका टाळा

डिसेंबरच्या अखेरीपासून मराठवाड्यातील शेतशिवार न्याहारीसाठी जणू आमंत्रणच देऊ लागते. ज्वारी हुरड्यात येते, हरभऱ्याला घाटे धरतात आणि सुटीसाठी गावी आलेली मंडळी आखाड्यावर, म्हणजे शेतातील छपराच्या जागी, शेगडी पेटवून धपाटे, भाकरी, अंडी आणि चहा असा बेत आखतात. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला भज्जी, आंबील आणि उंडे घरून शिजवून शेतात नेले जातात, त्यामुळे त्या दिवशी चुकण्यास फारसा वाव नसतो. मात्र न्याहारी शेतातच शिजवायची ठरली की वरून करपलेले आणि आतून कच्चे धपाटे, धुरकट चहा आणि नऊ वाजेपर्यंत उपाशी बसलेली लेकरे असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. यातील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे चुलीची सवय शेगडीवर चालवणे. चुलीवर अन्न जाळावर शिजते आणि लाकूड पुढे-मागे सारून तो जाळ क्षणात कमी-अधिक करता येतो. शेगडीत मात्र शिजवण्याचे काम निखारा करतो. तो तयार होण्यास वेळ घेतो आणि एकदा फुलला की सांगितल्याबरोबर कमी होत नाही.

कोळसा निवडताना आणि ठेवताना

आपल्याकडे मिळणारा लाकडी कोळसा बहुधा बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा असतो आणि नीट भाजलेला असेल तर तो न्याहारीसाठी उत्तम ठरतो. चांगला कोळसा हलका असतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येतो आणि मोडलेली बाजू काळीभोर व चकचकीत दिसते. ज्या तुकड्याच्या आत तपकिरी लाकूड दिसते, तो अर्धवट जळालेला असतो. तो शेगडीत घातला की डोळे झोंबवणारा धूर होतो आणि त्याचा वास थेट दुधात उतरतो. असे तुकडे अगोदरच निवडून बाजूला काढावेत. दगडी कोळशावर अन्न भाजू नये, कारण त्याच्या धुरात गंधकाची संयुगे असतात.

कोळशाचे पोते रात्री उघड्यावर ठेवणे ही अगदी साधी वाटणारी, परंतु सकाळचा अर्धा तास खाणारी चूक आहे. कोळसा सच्छिद्र असल्यामुळे थंडीतील दव सहज शोषून घेतो आणि ओलसर कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो व पेटण्यास टाळाटाळ करतो. पोते आखाड्याच्या छपराखाली, जमिनीपासून थोडे उंच ठेवावे. चार-पाच माणसांच्या न्याहारीसाठी एक ते दीड किलो कोळसा पुरतो.

पेटवण्यातील घाई

सर्वांत मोठी चूक येथे होते. कोळशातून ज्वाळा दिसू लागल्या की शेगडी तयार झाली असे समजून तवा चढवला जातो आणि पहिले दोन-तीन धपाटे वाया जातात. ज्वाळा ओसरून कोळशावर करड्या राखेचा पातळ थर चढेपर्यंत थांबलेच पाहिजे, आणि त्यासाठी साधारणपणे वीस ते तीस मिनिटे लागतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आठ वाजता पहिले ताट वाढायचे असेल तर सव्वासातलाच काडी ओढावी लागते. कणीक तिंबणे, कांदा-कोथिंबीर चिरणे ही कामे या मधल्या वेळेत करावीत, म्हणजे थांबणे जड जात नाही.

घाईमुळेच रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतण्याचा मोह होतो. इंधनाचा वास अन्नाला लागतो ही त्यातील लहान हानी आहे. पेटत्या किंवा नुसत्या गरम कोळशावर ते ओतले असता क्षणात भडका उडून हात व चेहरा भाजतो, ही खरी भीती आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडेही पेटवणासाठी वापरू नयेत. शेतात तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) आणि गोवऱ्या मुबलक असतात. पऱ्हाट्यांवर हंगामात अनेक फवारण्या झालेल्या असल्यामुळे त्या पूर्ण जळून जाईपर्यंत अन्न शेगडीजवळ आणू नये. बांधावरच्या कण्हेरीच्या काड्या मात्र पेटवणासाठीही नकोत आणि वांगी किंवा कांदे ओवून भाजण्यासाठी तर मुळीच नकोत, कारण ते झाड सर्वांगाने विषारी आहे.

कोळसा लवकर आणि एकसारखा पेटावा यासाठी पत्र्याच्या नळकांड्याची युक्ती मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन्ही तोंडे उघडी असलेला, रंग नसलेला जाड लोखंडी डबा घ्यावा आणि खालच्या कडेला चहूबाजूंनी भोके पाडावीत. तो शेगडीच्या जाळीवर उभा करून तळाशी कागद व तुराट्यांचे तुकडे घालावेत, वर कोळसा भरावा आणि खालून पेटवावे. गरम हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि फुंकणी न मारता पंधरा-वीस मिनिटांत निखारे फुलतात. मग चिमट्याने धरून डबा अलगद उचलावा. शेगडी धुमसत राहिली तर आणखी कोळसा घालण्याआधी तिच्या तळाचे दार पाहावे. दहापैकी आठ वेळा तेथे जुनी राख साचून हवेची वाट बंद झालेली असते. सुपाने किंवा पुठ्ठ्याने जोरजोराने वारा घालण्याचा उपाय टाळावा, कारण त्याने कोळसा फुलतो तसा राखेचा थरही उडून पिठात बसतो.

आच ओळखणे

शेगडीभर सारखे निखारे पसरणे ही नेहमीची पद्धत न्याहारीसाठी गैरसोयीची आहे. निखारे एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ आणि एक कोपरा रिकामा असे ठेवावेत, म्हणजे तवा सरकवून आच बदलता येते; चुलीतील लाकूड ओढण्याचे काम येथे तवा सरकवून करायचे असते. आच मोजण्याची सोपी रीत अशी: जाळीच्या वर साधारण चार बोटांच्या दीडपट अंतरावर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आच तीव्र आहे, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम आणि सहा-आठ सेकंद टिकला तर मंद आहे.

पदार्थांचा क्रमही याच हिशेबाने लावावा. सुरुवातीच्या तीव्र निखाऱ्यावर चहाचे पाणी, वांगी आणि मिरच्या घ्याव्यात. वांग्याला सुरीने टोचे मारले नाहीत तर आतल्या वाफेने ते फुटते. ठेच्याच्या मिरच्या भाजताना सर्वांनी वाऱ्याच्या उगमाकडील बाजूस बसावे, नाही तर खोकल्याने सगळी पंगत उठते. आच मध्यम झाली की धपाटे आणि भाकरी, आणि अगदी शेवटी अंडी व सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ), असा क्रम सोयीचा पडतो. पुष्कळ घरांत लेकरांना भूक लागली म्हणून अंडी सर्वांत आधी घेतली जातात आणि त्यांचे रबर होते. निखारे उतरू लागले आणि अजून पीठ शिल्लक असेल तर नवा कोळसा पेटत्या ढिगावर टाकू नये. तो दहा-पंधरा मिनिटे आधी कडेला पेटत ठेवून राख धरल्यावर मध्ये सारावा.

तवा, धपाटे आणि भाकरी

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा. नॉनस्टिक तव्याचा लेप साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागतो, आणि निखाऱ्यावर रिकामा ठेवलेला तवा ती मर्यादा सहज ओलांडतो. भाजण्याच्या जाळीसाठी कुंपणाची जस्त चढवलेली जाळी कापून वापरण्याची सवय अनेक शेतांवर दिसते, ती सोडून द्यावी; जस्त 420 अंशांच्या आसपास वितळते आणि अतितप्त जस्ताची वाफ श्वासात गेल्यास थंडी-ताप आणि मळमळ होते. साध्या लोखंडाची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी. शेगडी नसेल आणि तीन दगड मांडायचे असतील तर ओढ्यातील ओले किंवा जाळीदार दगड टाळावेत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकतात.

बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, ही त्याची ताकद आहे आणि धपाटे करपण्याचे कारणही तेच आहे. तव्यातून धूर निघू लागला तर तो रिकाम्या कोपऱ्यावर सरकवून दोन मिनिटे थांबावे, मगच ओल्या फडक्यावर थापलेले धपाटे त्यावर उलटावे. ज्वारीचे प्रमाण जास्त असलेले धपाटे गव्हाच्या पोळीपेक्षा अधिक वेळ आणि कमी आच मागते, म्हणून ते जाड थापणे आणि जाळावर उरकणे या दोन्ही चुका एकत्र आल्या की आत ओले पीठ राहणारच. मधोमध भोके पाडून थोडे तेल सोडावे, झाकण ठेवावे आणि कड सुटू लागल्यावरच उलटावे. तेल तव्याच्या कडेवरून निखाऱ्यावर ओघळले तर ज्वाळा उठतात. अशा वेळी पाणी न मारता तवा बाजूला घ्यावा आणि तव्यातील तेलानेच पेट घेतला तर वर झाकण दाबून हवा तोडावी.

भाकरीची अडचण वेगळी आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. कोमट पाण्यात चांगले मळल्यानेच ते धरून राहते, आणि उघड्या रानातील कोरडा वारा ते पीठ काठवटीतच सुकवतो. म्हणूनच घरी सुरेख भाकरी करणाऱ्या सुगरणीच्या भाकरीला शेतात चिरा पडतात. एका वेळी दोन भाकरींपुरतेच पीठ मळावे, उरलेले ओल्या फडक्याने झाकावे आणि शेगडीच्या वाऱ्याकडील बाजूस पोती किंवा कडब्याऐवजी पत्र्याचा आडोसा करावा. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या बाजूवर पाणी फिरवण्यात उशीर करू नये. फुगवण्यासाठी ती थेट निखाऱ्यावर टाकली तर राख चिकटते. निखाऱ्यापासून दोन-तीन बोटे उंच जाळीवर शेकली तर तितकीच फुगते आणि स्वच्छ राहते.

अंड्यांबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे की बुर्जी किंचित ओलसर असतानाच तवा उतरवावा, कारण उरलेले काम तापलेले लोखंड करते. सुशीलासाठी मुरमुरे फोडणी तयार झाल्यावरच भिजवून पिळावेत. आधीपासून भिजवून ठेवले तर त्यांचा लगदा होतो. दूध आणि चहा यांवर झाकण ठेवावे, कारण दूध धुराचा वास फार लवकर धरते. धारोष्ण दूध मिळाले तरी ते उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नये.

हुरड्याविषयी माझे मत ठाम आहे. ज्वारीची कणसे कोळशाच्या शेगडीवर भाजू नयेत. आगटीतील, म्हणजे जमिनीतील उथळ खड्ड्यात पेटवलेल्या, गोवऱ्यांची धग सौम्य असते, गरम राखेत कणीस सर्व बाजूंनी शेकते आणि दाणा हिरवा व रसरशीत राहतो. कोळशाच्या निखाऱ्यावर कुसे पेटतात, वरचा दाणा काळा पडतो आणि आतला कच्चा राहतो. हुरडा हवा असेल तर शेगडीपासून दूर वेगळी आगटी करावी.

शेगडी आत नेणे

ही चूक जिवावर बेतते, म्हणून ती सविस्तर सांगितली पाहिजे. थंडीच्या लाटेत परभणीसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि न्याहारी झाल्यावर ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी आखाड्याच्या खोलीत, तंबूत किंवा गाडीजवळ नेण्याचा विचार कोणाच्याही मनात येतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू सतत बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि धूर थांबलेल्या, लालबुंद, निरुपद्रवी दिसणाऱ्या निखाऱ्यातूनही तो येतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो, त्यामुळे माणसाला डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि झोप येते, आणि झोप लागली की धोका कळण्याची संधीच उरत नाही. एखादी खिडकी उघडी ठेवल्याने हा धोका टळतो असे मानू नये. शेगडी आकाशाखालीच राहावी. कोणाला अशी लक्षणे जाणवली तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भाजल्यास जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

जागा आणि विझवणे

काळ्या मातीच्या शेतात शेगडीची जागा निवडताना जमिनीतील भेगा पाहाव्यात. ओल ओसरली की या भेगा खोल जातात, त्यांत वाळलेला पालापाचोळा व मुळ्या असतात आणि तेथे पडलेली ठिणगी वरून दिसत नाही. कडब्याची गंजी, वाळलेले गवत आणि काढणीला आलेले पीक यांपासून लांब, शक्यतो मुरमाच्या किंवा सारवलेल्या खळ्यासारख्या जागेवर शेगडी मांडावी आणि पाण्याने भरलेली एक बादली जवळ ठेवावी.

न्याहारी आटोपली की उरलेले निखारे मातीखाली पुरून निघून जाणे चुकीचे आहे. मातीने झाकलेला निखारा कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही धगधगत राहतो आणि अनवाणी येणाऱ्या माणसाचा किंवा जनावराचा पाय त्यावर पडतो. निखारे घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून हवा तोडली तर ते विझतात आणि तो कोळसा पुढच्या वेळी पेटवणासाठी उत्तम उपयोगी पडतो. डबा नसेल तर निखारे बादलीतील पाण्यात थोडे थोडे सोडावेत. तापलेल्या बिडाच्या शेगडीवर एकदम पाणी ओतू नये, कारण त्याने शेगडी तडकते आणि उसळलेल्या वाफेने हात भाजतो.

राख खत म्हणून शेतात पसरण्याची आपली जुनी सवय आहे. लाकडाची राख अल्कधर्मी असते आणि मराठवाड्यातील काळी, चुनखडीयुक्त जमीन बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी असते, त्यामुळे एकाच जागी वारंवार राख टाकल्यास लोह आणि जस्त पिकाला मिळण्यात अडथळा येतो. पूर्ण थंड झालेली राख चाळून भांडी घासण्यासाठी ठेवावी, आणि बिडाचा तवा मात्र राखेने न घासता नुसता पुसून, तेलाचा हात फिरवून पोत्यात गुंडाळावा.