मुलाला वेगळ्या खोलीत झोपवताय? या चुका टाळा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी एखादी आई मला पार्किंगमध्ये गाठते. "तुमचा एकटा कसा हो झोपतो? आमची दोन रात्री झोपली, तिसऱ्या रात्री परत आमच्या मध्ये!" पुढचं सगळं मला पाठ आहे. गाडीच्या आकाराचा पलंग आणलेला असतो, छताला चांदण्या चिकटवलेल्या असतात आणि मूल मात्र झोपेपर्यंत आईबाबांच्याच गादीवर असतं.

झोपलेलं मूल उचलून त्याच्या खोलीत नेऊन ठेवणं, ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. मीही केली आहे. लेक तेव्हा चार वर्षांचा होता. आमच्या खोलीत गोष्ट सांगायची, गाढ झोपला की अलगद उचलून पलीकडे न्यायचं. तीन रात्री निभावलं, म्हटलं जिंकलो! चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला किंकाळी. धावत जाऊन दिवा लावला तर हा कपाटावर दोन्ही हातांनी धपाधप मारतोय. आमच्या खोलीत दार त्या बाजूला आहे ना! बिचारा अंधारात दार शोधत होता. पुढचे पंधरा दिवस तो झोपायलाच घाबरला. माझ्या ओढणीचं टोक मुठीला गुंडाळून पडायचा आणि डोळे मिटत आले की पुन्हा उघडून मी आहे ना, ते बघायचा.

रात्रीतून आपण सगळेच कितीदा तरी अर्धवट जागे होतो. आजूबाजूला सगळं ओळखीचं असलं की कूस बदलून परत झोपतो. तुम्ही हॉलमध्ये झोपलात आणि जाग आली ती गच्चीत, तर तुम्ही तरी शांत राहाल का?

म्हणून गोष्ट, पांघरूण, पापा, सगळं पहिल्या दिवसापासून त्याच्याच खोलीत. मी पलंगाशेजारी चटई टाकून बसायचे. चार-पाच दिवसांनी चटई कपाटापाशी, मग उंबऱ्यावर, मग पॅसेजमध्ये. दीड महिना लागला. "तीन रात्रींत जमवा" छापाचे व्हिडिओ बघून माझ्याकडे येऊ नका, माझी चिडचिड होते.

दुसरी चूक म्हणजे "आजच्या दिवस". रात्री मूल उठून येतं, रडतं, तुम्ही तासभर नेटाने परत नेऊन झोपवता आणि तीन वाजता दमून म्हणता, ये बाबा. तासभर रडलं की काम होतं, एवढंच त्याला कळलं. आमच्याकडे हे सासूबाईंच्या मायेमुळे व्हायचं. "अगं, लेकरू रडतंय, घे की जवळ." शेवटी म्हटलं, "आई, रात्री त्याला परत न्यायचं काम तुमचं." त्या न बोलता हात धरून न्यायच्या, पांघरूण घालायच्या, यायच्या. माझ्यापेक्षा पक्क्या निघाल्या.

बाकीच्या चुका थोडक्यात. "मस्ती केलीस तर तुझ्या खोलीत जा" म्हणायचं आणि रात्री तिथेच झोपायला सांगायचं. बागुलबुवाची भीती दिवसा घालायची आणि रात्री म्हणायचं, घाबरतोस काय! धाकटं बाळ घरी आलं त्याच आठवड्यात थोरल्याला बाहेर काढायचं. झोपायच्या आधी मोबाइल. दुपारची झोप पाच वाजेपर्यंत. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास पुरतात, मग नऊला कसं झोपेल ते? आणि तान्ह्या बाळाची घाई तर नकोच. निदान पहिले सहा महिने ते तुमच्या खोलीत हवं, फक्त त्याची झोपायची जागा वेगळी.

झोपल्यावर दोन-तीन तासांत मूल ओरडत उठलं, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, असं झालं तर हलवून जागं करू नका. पडणार-लागणार नाही एवढं बघत शेजारी बसा. सकाळी त्याला बहुधा काही आठवतही नाही. पहाटे स्वप्नाने दचकून उठलेलं मूल वेगळं, त्याला कुशीत घ्या. वारंवार होत असेल, किंवा रोज घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि कृपा करून गणपतीच्या आधी सुरुवात करू नका. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की इथे मोठ्यांना झोप लागत नाही. विसर्जन होऊ दे, मग चटई काढा.