‘बाकी ठीक ना?’ असं विचारू नका

तीन आठवडे गैरहजर असलेला एस.वाय.चा एक मुलगा जर्नलवर सही घ्यायला आला. पानं उलटत मी म्हणाले, "आता नियमित ये हं. बाकी ठीक ना?" तो "हो मॅडम" म्हणाला आणि गेला. चार दिवसांनी त्याचा रूममेट स्टाफरूमच्या दारात घुटमळत उभा राहिला. मेसचा डबा दोन-दोन दिवस उघडलाच जात नाही, दिवसभर अंथरुणात पडून असतो, आणि काल म्हणाला, "माझी गादी तू घे, मला आता लागणार नाही." त्या वाक्याने तो रूममेट घाबरला होता. सुदैवाने वेळेत कळलं, उपचार झाले, मुलगा पुढे पदवी घेऊन बाहेर पडला. पण सही करताना मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, हे मी विसरू शकत नाही. खचलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना कॉलेजात आपण अशा ज्या चुका करतो, त्या इथे एकेक करून मांडते आहे.

‘ठीक ना?’ म्हटलं की समोरच्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यापेक्षा जे दिसलं ते सांगा. "तीन आठवडे दिसला नाहीस. पाचव्या प्रयोगानंतर जर्नलमधलं अक्षरही बदललंय. काय झालंय? बस, मला वेळ आहे." हे सहा सहकाऱ्यांसमोर, स्टाफरूममध्ये नको. रिकामी लॅब बघा, आणि खरंच खुर्ची ओढून द्या.

‘आईवडिलांचा तरी विचार कर’

आपण हे चांगल्या मनाने म्हणतो, पण सगळ्यात जास्त घाव याच वाक्याचा बसतो. पुण्यात लातूर, जळगाव, यवतमाळकडून आलेली किती मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहतात! कुणाच्या फीसाठी सोयाबीनचे पैसे आलेले असतात, कुणाच्या बहिणीचं लग्न लांबणीवर पडलेलं असतं. फोनवर घरी "सगळं मस्त चाललंय" सांगायचं आणि इकडे चार विषय राहिलेले. हा मुलगा आईवडिलांचाच विचार करून करून खचलेला असतो. त्यात आपण भर घातली की ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ हा त्याचा समज पक्का होतो. ‘आमच्या वेळी तर’, ‘मन घट्ट कर’, ‘रोज व्यायाम कर’ हेही त्याच माळेतले. आधी ऐका. मध्ये शांतता आली तर ती भरून काढायची घाई करू नका.

थेट प्रश्न टाळणं

‘आत्महत्येचं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरवू’ अशी भीती अनुभवी प्राध्यापकांनाही वाटते. प्रत्यक्षात तसं होत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मन हलकं होतं. म्हणून साध्या शब्दांत विचारा: "जगणं नकोसं वाटतं का? आत्महत्येचे विचार येतात का?" "तसलं काही मनात नाही ना तुझ्या?" असं मात्र नको, तो पुन्हा ‘ठीक ना’च झाला.

उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नका. ‘हॉस्टेलवर जाऊन आराम कर’ म्हणून बसमध्ये बसवून देऊ नका. सोबत बसूनच समुपदेशकाला आणि विभागप्रमुखांना बोलवा. समुपदेशक जागेवर नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर दिसत असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. पुढच्या उपचारांसाठी पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे.

‘पोलीस केस होईल’ म्हणून प्रकरण दाबणारे लोक मी पाहिले आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षेसाठी उभं करायचं नसतं.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देणं

हे वचन पाळता येणार नाही. "तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला मदत बोलवावी लागेल, पण आधी तुला सांगेन," असं सुरुवातीलाच स्पष्ट करा. घरी कळवायचं झालं तरी त्याच्या पाठीमागे थेट वडिलांना फोन नको. "घरात तुझं कुणाशी पटतं?" विचारा. बऱ्याचदा उत्तर मामा किंवा मोठी ताई असं येतं. कधी त्रासाचं मूळ घरातच असतं, तेही यातूनच कळतं.

समुपदेशकाचा नंबर चिठ्ठीवर लिहून देऊन आपलं काम संपत नाही. ती चिठ्ठी खिशातच राहते. त्या दारापर्यंत सोबत जा. ‘तू वेडा आहेस म्हणून नाही, झोप उडाली आहे म्हणून’ एवढं वाटेत बोललात तरी पुष्कळ.

‘हे शिक्षकांचं काम’

वर्षाच्या मध्येच टीसी मागायला आलेला मुलगा आधी ऑफिसच्या खिडकीवर दिसतो. रात्रभर गेटपाशी बसलेली मुलगी वॉचमनकाकांना दिसते, न संपलेलं ताट मेसच्या मावशींना. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सगळ्यांनाच वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण सांगितलं आहे, आणि १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक. तुमच्या कॉलेजात हे झालं नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा.

एवढं सगळं करून आपण पुढच्या आठवड्यात विसरतो, ही शेवटची चूक. "गुरुवारी साडेअकराला ये, चहा घेऊ," असा दिवस आणि वेळ ठरवा. तो आला नाही तर बारा वाजता तुम्ही फोन करा. दिवाळीत मेस बंद होते, खोल्या रिकाम्या होतात. घरी न गेलेलं कोण मागे राहिलंय, याची यादी सुट्टी लागायच्या आधीच रेक्टरकडून मागून घ्या.