एडीबी आणि फास्टबूट बसवण्याआधीची तयारी

एडीबी (adb) म्हणजे कॉम्प्युटरवरून कमांड देऊन चालू अँड्रॉइड फोन हाताळायचं साधन, आणि फास्टबूट (fastboot) म्हणजे अँड्रॉइड सुरू होण्याआधीच्या अवस्थेत फोनशी बोलायचं साधन. सगळ्यात आधी केबल हातात घ्या. फोन चार्ज होतो म्हणजे केबल चांगली, असं धरून चालू नका. साध्या यूएसबी केबलमध्ये विजेसाठी दोन आणि डेटासाठी दोन तारा असतात, पण नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मी एकदा अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर (फोन ओळखण्यासाठी कॉम्प्युटरला लागणारा प्रोग्राम) काढण्या-घालण्यात घालवली आणि दोष शेवटी केबलमध्ये निघाला. म्हणून फोन जोडून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा आणि फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर दिसतात का ते पाहा. दिसले तर पुढे चला. मध्ये हब नको, थेट कॉम्प्युटरच्या पोर्टलाच जोडा.

मग फोन. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबर असतो, त्यावर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. कंपनीनुसार ही जागा थोडी इकडेतिकडे असते. तिथे यूएसबी डीबगिंग, म्हणजे एडीबीला फोनशी बोलू देणारी सोय, चालू करा. अँड्रॉइड ४.२.२ पासून कॉम्प्युटरला परवानगी द्यायची चौकट फोनच्या स्क्रीनवर येते आणि ती तिथेच मान्य करावी लागते. स्क्रीन फुटून बंद पडल्यावर ‘आता एडीबीने डेटा काढू’ म्हणून बसलेले बरेच जण इथेच अडकतात. त्यामुळे ही तयारी फोन धडधाकट असतानाच करावी, असं मी कळकळीने सांगेन.

बूटलोडर (फोन सुरू होताना अँड्रॉइड चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक करायचा विचार असेल, तर फोटो, संपर्क, चॅट, सगळ्याचा बॅकअप आजच घ्या आणि तो उघडतोय ना तेही पाहा. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. नुसतं एडीबी वापरायचं असेल तर तसं काही होत नाही.

आता टूल्स. एवढ्यासाठी अख्खा अँड्रॉइड स्टुडिओ उतरवायची गरज नाही. गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवर ‘एसडीके प्लॅटफॉर्म-टूल्स’ नावाची छोटी झिप मिळते आणि एडीबी, फास्टबूट दोन्ही तिच्यातच असतात. अनोळखी माणसाने बांधून ठेवलेले ‘एका क्लिकमध्ये सगळं’वाले इन्स्टॉलर घेऊ नका. फोनची किल्ली ज्या प्रोग्रामच्या हाती द्यायची, तो मूळ जागेवरूनच आलेला हवा. झिप सी ड्राइव्हवर आखूड नावाच्या, नावात स्पेस नसलेल्या फोल्डरमध्ये उघडा आणि त्या फोल्डरचा पत्ता ‘पाथ’मध्ये (विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घाला. नवी कमांड विंडो उघडून ‘एडीबी व्हर्जन’ चालवा. पाथ घातला नसेल, तर पॉवरशेलमध्ये त्याच फोल्डरात असूनही कमांडच्या आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामबरोबर आलेली एडीबीची जुनी प्रत कॉम्प्युटरवर असेल तर ती शोधून बाजूला करा. एडीबीचा सर्व्हर, म्हणजे कॉम्प्युटरवर मागे चालणारा त्याचा भाग, ५०३७ या नेटवर्क पोर्टवर बसतो. दोन वेगळ्या आवृत्त्या त्याच जागेसाठी भांडू लागल्या की त्या एकमेकींचा सर्व्हर बंद पाडतात आणि फोन मध्येच गायब होतो.

ड्रायव्हरचा प्रश्न मॅकवर येतच नाही. लिनक्सवर यूडेव्ह नियम (जोडलेलं उपकरण कुणाला वापरता येईल ते ठरवणारे) लागतात. उबुंटूवर ते वितरणाच्याच पॅकेजमधून मिळतात. शिवाय आपलं नाव ‘प्लगडेव्ह’ या वापरकर्त्यांच्या गटात घालून एकदा लॉग आउट करून पुन्हा आत यावं लागतं.

खरं काम विंडोजवर असतं. फोटो दिसले म्हणजे ड्रायव्हर बसला, असं होत नाही, कारण एकच फोन कॉम्प्युटरला अनेक उपकरणांसारखा दिसतो. फाईलसाठी एक इंटरफेस, एडीबीसाठी दुसरा. गूगलचा यूएसबी ड्रायव्हर गूगलच्या फोनसाठी आहे, बाकीच्यांनी आपापल्या फोनच्या कंपनीचा घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेची नोंद दिसली तर तिच्यावर राइट-क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ घ्या आणि उतरवलेलं फोल्डर दाखवा. ड्रायव्हरची डिजिटल सही तपासणारी विंडोजची सोय बंद करा असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, सही असलेला ड्रायव्हर शोधा.

आता ‘एडीबी डिव्हायसेस’ चालवा. क्रमांकापुढे ‘डिव्हाइस’ आलं तर जमलं. ‘अनऑथोराइज्ड’ आलं तर फोन उघडून चौकट मान्य करा. ‘ऑफलाइन’ आलं तर केबल काढून सर्व्हर बंद-चालू करा. ‘नो परमिशन्स’ म्हणजे लिनक्सचे नियम राहिले. यादी रिकामीच असेल तर पुन्हा केबल आणि ड्रायव्हर.

इथे थांबू नका. ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ देऊन फोन फास्टबूट मोडमध्ये न्या आणि ‘फास्टबूट डिव्हायसेस’ चालवा. या मोडमध्ये फोन वेगळ्या ओळखीने समोर येतो, विंडोजला तो नवाच वाटतो आणि ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागू शकतो. ड्रायव्हर नसताना ही यादी रिकामी येते, आणि फास्टबूटच्या बाकीच्या कमांड चूक न दाखवता ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत नुसती वाट पाहत राहतात. हे ऐन कामात कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, कारण आज ‘फास्टबूट रीबूट’ देऊन जसं होतं तसं परत येता येतं. सॅमसंगच्या फोनमध्ये फास्टबूट नसून डाउनलोड मोड असतो, त्यांनी ही पायरी सोडावी.

कॉम्प्युटर दुसऱ्याचा किंवा सामायिक असेल तर परवानगीच्या चौकटीत ‘नेहमी’वर खूण करू नका. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन्समधून दिलेल्या परवानग्या रद्द करा आणि यूएसबी डीबगिंग बंद करा. आपल्या कॉम्प्युटरवरची ‘एडीबीकी’ नावाची फाईल ही खाजगी किल्ली आहे, ती कुणाला पाठवू नका.