आयरिश लोहाराच्या पद्धतीने चाकाला धाव चढवताना या चुका टाळा

आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवतात, तेच काम आयर्लंडच्या खेड्यातला लोहार घोडागाडीच्या चाकाला करायचा. (मॅकगोवन या आयरिश आडनावाचा अर्थच मुळी 'लोहाराचा मुलगा'.) भट्टीच्या खोलीबाहेर मधोमध भोक असलेला मोठा गोल दगड असे. भोकात तुंबा (चाकाचा मधला लाकडी गड्डा) उतरवला की चाक दगडावर सपाट बसायचं. शेजारी पीटच्या (दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीच्या) जाळात धाव तापायची.

आज जुनी गाडी दुरुस्त करताना काम बहुतेक वेळा मापातच फसतं. धाव चाकाच्या नेमक्या मापाची करू नका, चाकापेक्षा थोडी लहान ठेवा. घेर 4 मीटर असेल, तर लोखंड 500 अंशांनी तापल्यावर सुमारे 24 मिलिमीटर वाढतं. धाव चाकापेक्षा जेवढी लहान ठेवाल, तो फरक या वाढीच्या आत बसला पाहिजे, नाहीतर धाव चढणारच नाही. नेमक्या मापाची धाव थंड झाल्यावर चाकाला नुसती टेकते, आवळत नाही. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की ती खुळखुळायला लागते. फार लहान केली, तर आरे (तुंब्यापासून काठापर्यंतचे दांडे) दाबले जातात आणि चाक बशीसारखं खोल होतं. घेर दोरीने मोजू नका, दोरी ताणते. खडूची खूण केलेली चकती चाकाच्या काठावरून फिरवा, फेरे मोजा. मग तीच चकती धावेच्या आतून फिरवा.

धावेच्या पट्टीची दोन टोकं तापवून ठोकून सांधा जोडताना भर उन्हात उभं राहू नका. उन्हात तांबडं लोखंडही काळं दिसतं. आयरिश लोहारांच्या भट्टीच्या खोल्या आतून अंधाऱ्या असायच्या, त्याचं मोठं कारण हेच: रंग ओळखता यावा. नुसत्या लाल रंगावर ठोकलेला सांधा वरवर धरतो आणि पुढे उकलतो. लोखंड पिवळसर पांढरं व्हायला हवं. ठिणग्यांचा फवारा उडू लागला, तर ते जळालं. तेवढा भाग कापून टाका, तो सुधारत नाही. जस्ताचा मुलामा असलेली पट्टी भट्टीत घालूच नका, तिचा धूर माणसाला आजारी पाडतो.

धाव बसली की दोघातिघांनी चहूबाजूंनी एकदम पाणी ओता. एकाच बाजूने ओतलं तर ती बाजू आधी आवळते आणि धाव तिरकी होते. पाणी बरोबर पडलं की चाकाचे लाकडी सांधे करकरतात, आरे तुंब्यात घट्ट घुसतात. तो आवाज ऐकताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

शेवटी प्रत्येक आऱ्यावर हातोडी हलकेच मारून बघा. बद्द वाजला तर तो सैल आहे. चाक ओढ्यात बुडवून ठेवलं की लाकूड फुगतं, पण वाळेपर्यंतच. पाचरी ठोकत बसू नका. धाव उतरवा, कापा आणि नव्याने जोडा.