घरात कुणाला फ्लू झालाय? आधी हवेची दिशा बघा

खोकल्याचे मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण श्वासातून, बोलण्यातून निघणारे बारीक कण उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही 2 तासांपर्यंत हवेत टिकतो. म्हणून नुसतं हात धुऊन भागत नाही.

आजारी माणसाच्या खोलीची खिडकी उघडा आणि टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून लावा, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल. बाकीच्या घरातलीही एखादी खिडकी उघडी हवी. आता दार किंचित किलकिलं करून बाहेरून फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला तर काम झालं. तुमच्याकडे आला तर पंखा थोडा सरकवून पुन्हा बघा. मग उदबत्ती लगेच विझवा, खोकणाऱ्याला धूर सोसत नाही.

स्प्लिट एसीच्या भरवशावर कृपा करून राहू नका, तो बहुतेक तीच हवा गार करून फिरवतो. जेवणाचं ताट द्यायला आत जाताना एन-95 मास्क घाला, नाकाशी पट्टी नीट दाबून. घरात आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ असेल तर हे आजच करा.