मायदेशात युद्ध, आपण परदेशात: तिथल्या लोकांना आपली बाजू कशी पटवायची

मायदेशात युद्ध पेटलं की परदेशात बसलेले आपण आधी आपल्याच ग्रुपवर तळमळत बसतो, पण ज्यांचं मत वळवायचंय ते त्या ग्रुपवर नसतातच ना. हे काम कसं करायचं ते १९७१ मध्ये, पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश होत असताना, परदेशात राहणाऱ्या तिथल्या बंगाली लोकांकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एकी करा. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल सुरू केली, ब्रिटनमध्ये गावोगावी बंगाली लोकांच्या कमिट्या निघाल्या, मग २४ एप्रिलला सगळे कॉव्हेंट्रीत जमले आणि एक सुकाणू समिती केली. पुढे बोलायला न्यायमूर्ती अबू सईद चौधरी, हायकोर्टाचे जज आणि ढाका विद्यापीठाचे कुलगुरू. असाच एक माणूस ठरवा ज्याचं म्हणणं तिथले खासदार ऐकून घेतील, दहा जण दहा तोंडांनी बोलले की संपलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "आमच्यावर अन्याय होतोय" एवढंच सांगू नका, ऐकणाऱ्याचा त्यात काय संबंध ते दाखवा. अमेरिकेची शस्त्रं पाकिस्तानला जात होती, म्हणजे तिथल्या माणसाच्याच टॅक्सचा पैसा! म्हणून जुलैत बाल्टिमोर बंदरात 'पद्मा' हे पाकिस्तानी जहाज अडवायला क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे अमेरिकन लोक छोट्या होड्या घेऊन उतरले, अटक झाली तरी हटले नाहीत, आणि फिलाडेल्फियात तर गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवायलाच नकार दिला. स्थानिक माणूस स्वतः उभा राहिला की बातमी होते, म्हणून युनियन, चर्च, कॉलेज इथे आधी जा.

माहिती मात्र शंभर टक्के खात्रीचीच द्या, एक खोटा फोटो गेला की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. १३ जूनला लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये पाकिस्तानी पत्रकार अँथनी मस्करेन्हस यांचा या कत्तलीवरचा रिपोर्ट आला (जन्म आपल्या बेळगावचा, घराणं गोव्याचं), तो हलवून गेला कारण त्यांनी पाकिस्तानी सैन्यासोबत फिरून डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं. असं कात्रण घेऊन आपल्या भागातल्या खासदाराला प्रत्यक्ष भेटा.

आणि हातात धरता येईल असं काहीतरी करा. जुलैअखेरीस बांगलादेशची आठ टपाल तिकिटं निघाली, डिझाइन लंडनमधल्या बिमान मल्लिक यांचं, देशाला मान्यता मिळायच्या आधीच देशाचं नाव पत्रांवर! मोर्चा काढणार असाल तर पोलिसांची परवानगी आणि व्हिसाचे नियम आधी बघून घ्या, स्टुडंट व्हिसावरच्या पोरांना पुढे ढकलू नका, ज्यांच्याकडे तिथलं नागरिकत्व आहे त्यांनी पुढे राहायचं.