आयडलरचा मार्क परत जुळत नाही? थांबा, कव्हर परत खोलू नका

जुन्या ट्रकचं सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन पहिल्यांदा बांधताय, क्रँक बसला, कॅम सरकवला, आयडलर गिअर (क्रँक आणि कॅमच्या मधला) मार्कला मार्क लावून घातला, सगळं झक्कास. मग खात्री करायला क्रँक दोन फेरे फिरवला आणि बघतो तर काय, आयडलरचा मार्क भलतीकडेच. इथे नवीन माणसाला घाम फुटतो. मलाही फुटला होता, आणि शेजारी उभ्या उस्तादांनी "चालतंय रे" एवढंच सांगितलं, का चालतंय ते नाही. असल्या उस्तादांवर माझा अजून राग आहे.

तर का चालतंय. कॅमला क्रँकच्या दुप्पट दाते, म्हणून दर दोन फेऱ्यांनी हे दोघं जागेवर येतातच. आयडलरचं तसं नाही. समजा क्रँकला 28, कॅमला 56 आणि आयडलरला 45 दाते आहेत. दोन फेऱ्यांत 56 दाते सरकले, म्हणजे आयडलर पूर्ण एक फेरा मारून वर 11 दाते पुढे गेला. तिन्ही मार्क परत जुळायला क्रँकचे 90 फेरे लागतील! आयडलरचा मार्क फक्त बसवताना बघायचा, नंतर विसरायचा. जुळत नाही म्हणून गिअर काढून "नीट" लावायला गेलात आणि कॅम जरा हलला की मग खरंच दात चुकतो, आणि 28 दात्यांच्या क्रँकवर एक दात म्हणजे जवळपास 13 डिग्री.

खात्री रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या हातांवर करा. आधी टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) सेट करा, नाहीतर पुढचं सगळं फसवं. पुलीचा टीडीसी मार्क (पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण) लावा आणि सहा नंबरचे रॉकर बघा. 1 आणि 6 चे पिस्टन बरोबरच वर येतात, एक फायरिंगला असेल तर दुसरा ओव्हरलॅपला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व थोडे उघडे असतात तिथे. क्रँक जरासा मागेपुढे हलवला की सहाचा एक्झॉस्ट मिटताना आणि इनलेट उघडताना दिसतो. दिसला नाही तर क्रँक न फिरवता तिथेच एक नंबरला बघा. दोन्हीकडे नसेल तर मात्र कव्हर खोलायचंच, तिथे आळस नको.

मार्कवर येताना इंजिन चालतं त्याच दिशेने या. पुढे गेलात तर पाव फेरा मागे जाऊन परत या, गिअरमधली ढिल निघते. एवढं जमतं सगळ्यांना, अवघड काही नाही.

स्टार्टर लावायच्या आधी मोठ्या पान्याने हातानेच दोन फेरे. कुठे टक्क करून अडला तर पाइप घालून जोर लावू नका, व्हॉल्व पिस्टनला टेकलेला असू शकतो. डिझेल पंपाचं टायमिंग त्यानंतर.